विवराची कड

४ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे. दोन ट्रंका, गादीची वळकटी, गुरुत्वमापकाची पेटी आणि आम्ही दोघं. पेटीला धक्का सोसत नाही, म्हणून सबंध रस्ता ती मी मांडीवर घेऊन बसलो. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, वहिनी मागे आदळतायत आणि पेटीला मात्र मांडी. ही हसली नाही, पण रागावलीही नाही. गेल्या चौदा महिन्यांकडे पाहता हे पुष्कळच झालं.

गाव बघून बरं वाटलं. सपाट, स्वच्छ, रस्ते रुंद, दारादारात कुंड्या. माणसं इतकी हसतमुख की आधी वाटलं, आपल्यामागे कुणी त्यांच्या ओळखीचं उभं आहे. आम्हाला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्यात. खाली घरमालकीणबाई एकट्या राहतात. साठीच्या, गोल चेहऱ्याच्या. कमरेच्या पट्ट्याला जुनी लोखंडी कुलपं लटकवलेली, चालल्या की खणखणतात. कुलपं कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या, वाऱ्याचा काय भरवसा. मला विनोद कळला नाही, पण त्या इतक्या मनापासून हसल्या की मीही हसलो.

मागच्या खोलीत लहान मुलाची कठड्याची खाट आहे. हिच्या नजरेला पडण्याआधी ती हलवता येईल का, असं मी हळूच विचारलं. बाई म्हणाल्या, खुशाल हलवा, घराबरोबरच आलीय, कुणाची कोण जाणे.

संध्याकाळी हिने आपणहून स्टोव्ह पेटवून चहा केला. मी कप घेऊन खिडकीशी बसलो. बोललो असतो तर पुन्हा गप्प झाली असती.

६ फेब्रुवारी

डॉक्टरांनी रोज लिहायला सांगितलंय. कामाबद्दल लिहिणं सोपं जातं, तेच लिहितो.

या गावाखाली विवर आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी आकाशातून एक प्रचंड दगड येऊन आदळला, जमिनीला खड्डा पडला आणि पुढे गाळाने भरत भरत बुजून गेला. आता वर चारशे मीटर माती, तिच्यावर शेतं, शाळा, टपाल कचेरी. डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण त्या आघाताने खालच्या खडकाचा चुरा झालाय आणि चुरा हलका असतो. त्यामुळे विवरावर प्रत्येक वस्तूचं वजन अगदी नाममात्र कमी भरतं. आमची पेटी तेवढा फरक टिपते. मधून बाहेर सरळ रेषा धरायची, दर अर्ध्या किलोमीटरला खुंटी ठोकायची, तिथे पेटी ठेवून तिन्ही स्क्रू फिरवून बुडबुडा मध्यावर आणायचा आणि आकडा लिहायचा. ज्या खुंटीवर आकडा एकदम उसळतो तिथे विवराची कड. आठ दिशांच्या आठ रेषा झाल्या की विवर केवढं आणि कसल्या आकाराचं ते कागदावर उतरतं. कचेरीचा अंदाज बावीस किलोमीटर व्यासाचा. आमचं घर जवळजवळ केंद्रातच आहे.

बुटकी सगळ्यांना सांगायची, माझा बाबा जमिनीचं वजन करतो. बुटकी म्हणजे आमची मुलगी. एकोणिसाव्या वर्षी आईपेक्षा वीतभर उंच झाली तरी नाव बुटकीच राहिलं. तापाने गेली. अकरा दिवस हॉस्पिटलात होती. मी मोजणीवर होतो, नवव्या दिवशी पोचलो, तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती. तेव्हापासून ही माझ्याशी कामापुरतं बोलते. तिचं चुकत नाही.

९ फेब्रुवारी

ही आज हसली. घरमालकीणबाईंबरोबर जिन्यात बसून शेंगा निवडत होती, आणि मला खालून हसू ऐकू आलं. मी पेटी हातात घेऊन तसाच फाटकात उभा राहिलो.

ड्रायव्हर गावातला नाही, कडेबाहेरच्या वस्तीवरचा आहे. सकाळी येतो, उजेड असेपर्यंत परत जातो. गावात पाणीसुद्धा पीत नाही, बाटली घरून आणतो. त्याचा थोरला भाऊ इथेच चौकात सायकली दुरुस्त करतो. आज आम्ही त्याच्या दुकानावरून गेलो. भावाने हात उंचावून राम राम केला, पण तो मला. ड्रायव्हरकडे परक्याकडे बघावं तसं बघितलं. मी विचारलं, जमिनीवरून बिनसलंय का. ड्रायव्हर म्हणाला, छे हो, भांडण असतं तर बरं झालं असतं.

१३ फेब्रुवारी

पश्चिमेची रेषा पुरी झाली. बाविसाव्या खुंटीवर आकडा असा सुरेख उसळला की मी ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली. म्हणजे अकरा किलोमीटर. कचेरीचा अंदाज तंतोतंत.

घरी आलो तर हिने केस धुऊन मोकळे सोडले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "दमलास?"

चौदा महिन्यांत तिने मला हात लावला नव्हता. मी म्हणालो, थोडासा. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धूत राहिलो.

१७ फेब्रुवारी

वाण्याकडे पोत्यांचा वजनकाटा आहे. हिने लाडात येऊन आधी मला उभं केलं, मग स्वतः चढली. येताना डॉक्टरांकडे तिचं वजन एकसष्ट होतं. काट्याने अठ्ठेचाळीस दाखवलं. मी म्हटलं, काटा बिघडलाय. पण माझं वजन बहात्तराचं सत्तर, म्हणजे जवळजवळ बरोबर. आणि ही वाळलेली मुळीच नाही. गालांवर उलट तेज आलंय. घड्याळाचा पट्टा अजून त्याच भोकात बसतो.

वाणी हसून म्हणाला, ताई लवकर रुळल्या. त्याच्या सदऱ्याचे दोन्ही खिसे दगडांनी फुगलेले होते. मग लक्षात आलं की या गावात सगळ्यांचेच खिसे फुगलेले असतात.

१९ फेब्रुवारी

भाडं द्यायला खाली गेलो. बाईंच्या भिंतीवर एक फोटो आहे. त्यात तरुणपणच्या त्या, त्यांच्या कडेवर तीनेक वर्षांचा मुलगा, त्याची हनुवटी हुबेहूब त्यांची. मुलगा कोण, विचारलं. त्या फोटोजवळ जाऊन निरखत राहिल्या. म्हणाल्या, असेल कुणा पाहुण्याचा, गोड आहे नाही?

खणखणत स्वयंपाकघरात निघून गेल्या. मला तिथे उभं राहवेना.

२१ फेब्रुवारी

हे लिहायची मला लाज वाटते.

सकाळी चहा घेताना ही म्हणाली, "बुटकीला पत्र टाक रे. वसतिगृहात गेली की आईबापांना विसरते. सुट्टीत येणार आहे की नाही विचार."

मी कप खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत बघितलं, थट्टा नव्हती. हॉस्पिटल, ते अकरा दिवस, त्यानंतरचं सगळं तिच्या मनातून पुसून गेलं होतं. खरं सांगायला मी तोंड उघडलं. तिने माझ्या कपाळावरचे केस मागे सारले, अगदी लग्नाच्या पहिल्या वर्षात सारायची तसे.

मी म्हणालो, येईल की, मे महिन्यात येईल.

२३ फेब्रुवारी

ड्रायव्हरला बाराव्या खुंटीवर जीप थांबवायला लावून सगळं विचारलं. तो पायाने जमीन उकरत सांगू लागला.

त्याच्या भावाचे दोन मुलगे तळ्यात बुडाले. जुळे. भाऊ जेवेना, झोपेना, म्हणून त्याला हवापालटासाठी सासुरवाडीला, म्हणजे या गावात आणलं. महिन्याभरात तो गाऊ लागला. आधी मुलांचं मरण विसरला, मग मुलं विसरला, मग बायको विसरला. आता अंगात ओल्या सदऱ्याएवढं वजन उरलंय. खिशात पाने नि नट भरून बसतो, नाहीतर पाय जमिनीवर टेकत नाहीत. या गावाला माणसाचं दुःख आवडतं, साहेब, ते आधी खातं, मग दुःख ज्याच्यासाठी असतं ते माणूस खातं, आणि शेवटी उरेल ते. कडेबाहेर न्या वहिनींना. अजून त्यांना तुम्ही आठवताय तोवर न्या.

मी दिवसभर कडेवर असतो म्हणून माझ्यावर उशिरा परिणाम होतोय, असं त्याचं मत. मी या वहीची मागची पानं रोज वाचतो, त्याचाही उपयोग होत असावा.

ही गोष्ट दहा दिवसांपूर्वीच माझ्या लक्षात यायला हवी होती. आली असेलही. मला तिचा हात खांद्यावर हवा होता.

२५ फेब्रुवारी

आज तिला घेऊन निघालो. फिरायला जाऊ म्हटलं. जिन्यावरून उतरताना तिच्या पावलांचा आवाज झाला नाही. जीपमध्ये चढवताना कमरेला धरलं तर उशी उचलावी तशी वर आली आणि खुदकन हसली.

विसाव्या खुंटीपर्यंत गुणगुणत होती. एकविसाव्याला गप्प झाली. बाविसावी ओलांडली आणि जीप मागून खचली. खरंच खचली, मागचं चाक खडखडलं. तिने दोन्ही हातांनी पुढचा बाक धरला. तिचा चेहरा माझ्यासमोर चौदा महिने म्हातारा झाला.

अकरा दिवस तिच्यावर एकदम कोसळले. तिला ते जणू पहिल्यांदाच कळत होतं. ती रडली नाही, तिला श्वासच घेता येईना. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू फोनवर म्हणालास, साधा ताप आहे."

मी हो म्हणालो.

"आणि आता म्हणालास, मे महिन्यात येईल."

ती दाराच्या काचेवर कपाळ आपटायला लागली. मी तिला धरलं, तिने मला चावलं. मग एकदम शांत होऊन, हात जोडून म्हणाली, "मला परत ने. मला हे पुन्हा नको. तुला माझी काही दया असेल तर परत ने."

ड्रायव्हर रस्त्यावर उतरून पाठमोरा उभा होता. तो म्हणाला, परत वळू नका.

मी पुढे जाऊन चाकामागे बसलो आणि जीप वळवली. चाकावर माझेच हात होते. एकोणिसाव्या खुंटीजवळ ती पुन्हा गुणगुणू लागली. माझ्या मनगटावरचे दात बघून तिने विचारलं, कुत्रं चावलं की काय.

२६ फेब्रुवारी

मी बाहेर राहायला आलो. पूर्वेच्या रेषेवर, पंचविसाव्या खुंटीला तंबू टाकलाय. कडेपासून दीड किलोमीटर लांब. दोघांपैकी एकाला तरी बुटकी आठवली पाहिजे.

इथे छातीवर जातं ठेवल्यासारखं वाटतं. असू दे.

२८ फेब्रुवारी

दुपारी तिला भेटायला गेलो. फाटकातच भेटली. माझ्याकडे बघून नम्रपणे हसली आणि म्हणाली, मोजणीवाले ना तुम्ही, या, वर जागा रिकामी आहे, मी एकटीच असते. तिच्या कमरेला पट्टा होता. पट्ट्याला दोन कुलपं.

घरमालकीणबाई दिसल्या नाहीत. जिन्यात त्यांच्या चपला होत्या. पायरीवर सगळी कुलपं आणि पट्टा, बक्कल लावलेलंच. पट्ट्याच्या आत साडी, निऱ्या न मोडलेल्या. कुणी शोधत नव्हतं. हिला विचारलं तर म्हणाली, कोण बाई?

२ मार्च

परवा गावातून परतताना सवयीने पूर्वेच्या खुंट्यांवर पेटी लावली. बाविसाव्या खुंटीवर उसळी नाही. तेविसाव्यावरही नाही. चोविसाव्यावर आहे.

दोन दिवस बाकीच्या रेषा तपासल्या. पश्चिमेला कड बाविसाव्यावरच. उत्तरेला, दक्षिणेला बाविसाव्यावरच. पेटी ठीक आहे, तीनदा तपासली.

नकाशा काढला. विवर गोल आहे, कंपासने काढल्यासारखं. फक्त पूर्वेला त्यातून एक जीभ बाहेर आलीय. अरुंद. तिचं टोक बरोबर माझ्या तंबूच्या दिशेला आहे.

३ मार्च

तंबू एकोणतिसाव्या खुंटीला हलवला. ड्रायव्हरने मदत केली. मग त्याने जीपची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, साहेब, उद्यापासून मी नाही. आज चौकातून आलो. दुकान उघडं आहे, पाने आणि नट ढीग करून पडलेत, सदऱ्यासकट. मला रडू आलं नाही. मला भाऊ होता एवढंच आठवतंय, चेहरा डोळ्यांसमोर येत नाहीये. मी पोरांना घेऊन लांब जातो. तुम्हीही चला.

मी म्हटलं, ही आत आहे.

तो म्हणाला, त्या कुठे आहेत आता.

तो पायीच गेला.

४ मार्च

सकाळी कड सव्विसाव्यावर. दुपारी अठ्ठाविसाव्यावर.

जीभ रुंद झालेली नाही. नुसती लांब होतेय.

आत गाव आहे, शेकडो माणसं आहेत, त्यांच्याकडे आता देण्यासारखं काही उरलेलं नाही. इथे मी आहे, आणि माझ्याकडे —

बुटकीचे डोळे पिंगट. उजव्या भुवईत खाच, झोपाळ्यावरून पडली तेव्हाची. लिहून ठेवतो.

५ मार्च

बत्तिसावी खुंटी. पाऊण तास झोप लागली. उठल्यावर खूप हलकं वाटलं, शीळ घातली — मग पेटीकडे धावलो. आकडा पडलेला.

सामान टाकून दिलं. वही नि पेटी घेऊन छत्तिसाव्याला आलो.

जीपने शंभर मैल जाता येईल. टाकी भरलेली आहे. किल्ली खिशात आहे.

पण मी बाहेर राहिलो आणि ती कुलपं सोडून — तेव्हा तिला कोण —

भुवई उजवी की डावी. वहीत वर लिहिलेलं बघितलं. उजवी.

६ मार्च

सकाळी दहा. कड माझ्या मागे आहे. पुढे शंभर पावलांवर मोजलं, तिथेही उसळी नाही.

भीती वाटत होती. आता तेवढी वाटत नाही. याचीच भीती वाटते.

रस्त्याने कुणीतरी येतंय.

ही आहे. अनवाणी. पट्टा नाही. दोन्ही हातांत एकेक दगड धरलाय, लहान मुलीसारखा. तिच्या मागच्या मऊ मातीत पावलं उमटलेली नाहीत. एवढं लांब चालत आली, का ते तिला माहीत नाही. म्हणाली, फिरायला निघाले होते, तुम्ही असे एकटे बसलेले दिसलात, तुमचं कुणी गेलंय का.

शेजारी बसलीय. मी लिहितोय ते बघतेय.

जे कधी कुणाला सांगितलं नाही ते आता सांगतो. मी विसरायच्या आत. ऐकून तिला वजन आलं तर येईल, आणि तिने पुन्हा चावलं तर चावू दे, पण ती राहील. नाही आलं तर निदान —

तिने एक दगड खाली ठेवला. माझा हात हातात घेतला. हाताला काहीच वजन नाही. म्हणाली, "सांगा, मी ऐकतेय."

मी बोलतोय आणि बोलतो तेच लिहितोय. आम्हाला एक मुलगी होती. तिला ताप आला. तू फोन केलास तेव्हा मी साधा ताप म्हणालो. पण त्याआधीच, दुसऱ्या दिवशीच, हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मला स्वतः फोन केला होता. ते म्हणाले होते, ताबडतोब या, मुलगी बाबा बाबा करतेय. तुला मी हे सांगितलं नाही. रेषेच्या सात खुंट्या उरल्या होत्या. मी म्हटलं, तेवढ्या संपवतो, आणि

तिचा हात घट्ट झालाय. थोडा जड. ती माझ्याकडे बघतेय. मला — हिचं नाव — थांब, लिहू दे, सात खुंट्या होत्या आणि मी डॉक्टरांना म्हणालो, तिला सांगा बाबा